प्ले हाये

दुसऱ्याच्या घरी गेलं की माणूस आधी राम राम करतो, मग टेकतो. सॉलिडभाऊ आधी हलवून पाहतो. बसायची खुर्ची, टेकायचा खांब, चहा ठेवायचं स्टूल, सगळं दोन बोटांत धरून आधी डावीकडे, मग उजवीकडे. मान तिरकी, डोळे अर्धे मिटलेले. मग निकाल: "प्ले हाये."

त्याचं खरं नाव रेशनकार्डावर आहे आणि तिथंच राहू द्या. डोणगाव त्याला सॉलिडभाऊ म्हणतं. जिथं जिथं दोन वस्तू एकमेकींना जोडल्या आहेत, तिथं थोडी हालचाल, म्हणजेच प्ले, शिल्लक राहते, आणि ती त्याला सहन होत नाही. एसटीत बसला की पुढच्या सीटचा दांडा तपासतो. लग्नात अक्षता पडताना याचा हात मांडवाच्या खांबावर. एकदा गावातल्या एका म्हाताऱ्याच्या अंत्ययात्रेला खांदा द्यायला पुढे झाला, तिरडीचा बांबू हातात घेतला आणि हळूच म्हणाला, "बांधनीत प्ले हाये." मागच्या खांदेकऱ्याला हसू दाबताना ठसका लागला. लोकांना वाटलं, गडी फार रडतो आहे.

आजोबांची, म्हणजे आबांची, बाज सैल झाली म्हणून याने ती एका दुपारी आवळली. अशी आवळली की आबा त्या रात्री ओसरीत खाली सतरंजीवर झोपले. विचारलं तर म्हणाले, "बाज नाई राह्यली थे, फळी झाली."

एवढ्यावर भागलं असतं. पण समृद्धी महामार्ग मेहकर तालुक्यातून गेला, त्यात घरचं थोडं शेत गेलं, मोबदला आला. इतरांनी विहिरी बांधल्या, प्लॉट घेतले. सॉलिडभाऊने बरीच घासाघीस करून वाट्याचे पैसे काढून घेतले आणि पुण्याहून बीएमडब्ल्यू थ्री सिरीज आणली, दोन मालक होऊन गेलेली. २००७ पासून चेन्नईत जोडली जाऊ लागली तीच ही पिढी. दरवाजे चार, मागे डिकी ऐसपैस, तरी भाऊ तिला स्पोर्ट्स कार म्हणतो. वडिलांनी एकदाच विचारलं, "स्पोर्ट मंजे कोनता खेळ?" उत्तर मिळालं नाही.

पहिल्या दिवशी सगळं घर त्या गाडीत बसून मेहकरला बालाजीच्या दर्शनाला जाऊन आलं. आवाज नाही, धक्का नाही. माय म्हणाली, "गाडी चालली का उभी हाये थेच समजत नाई." दुसऱ्या कुठल्याही पोराला हे ऐकून धन्य वाटलं असतं. याचा चेहरा पडला. गाडीत रबर आहे, हे त्याला तेव्हाच कळलं.

हा रबराचा मामला त्याने मला बस स्टँडसमोरच्या हॉटेलात समजावला. टेबलावर चहा सांडला होता. त्यात बोट बुडवून आधी एक मोठा चौकोन काढला: सबफ्रेम. गाडीच्या पोटाखाली मागच्या बाजूला ही लोखंडी चौकट, तिलाच मागच्या चाकांचे आर्म जोडलेले. चौकोनात एक गोळा: डिफरन्शियल. त्यावर लगेच माशी बसली, ती त्याने हाकलली नाही. "आता पाहा भाऊ. इंजिन शाफ्टले फिरवते, शाफ्ट पिनियनले, पिनियन क्राउनले, क्राउन चाकाले. पन चाक जड. मंग चाक फिराच्या आंधी हा गोळाच तोंड वर करते. काहून? तं याले धरलं कायनं? रबरानं!" चौकट बॉडीला चार रबरी बुशांवर, गोळा चौकटीत तीन बुशांवर. पाय दाबला की आधी ही सात रबरं दबणार, मग गाडी निघणार. वळणावर चौकट केसभर सरकली की चाकांची दिशाही तेवढी सरकणार. "मंजे स्टेरिंग माह्या हाती आन् मागचा कारभार रबराच्या हाती." एवढं बोलून त्याने ओल्या बोटाने सातही ठिपके पुसून टाकले. माशीही उडाली.

यात चूक काहीच नाही, हे आधी कबूल करतो. शर्यतीच्या गाड्यांत ही रबरं काढून अॅल्युमिनियमचे भरीव बुश ठोकतातच. चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर दर वळणाला सेकंदाचा अंश वाचवायचा असतो, तिथं माणसं कंबर गहाण टाकून बसतात. पण रबर हे काही कंपनीच्या हातून चुकून राहिलेलं नाही. १९३१ मध्ये अमेरिकेत प्लायमाउथने इंजिन रबरावर बसवलं, त्याला 'फ्लोटिंग पॉवर' असं नाव देऊन जाहिराती केल्या, आणि पुढच्याच वर्षी फ्रान्सच्या सिट्रोएनने त्या पद्धतीचा परवाना घेतला. क्राउन-पिनियनचे दाते एकमेकांवर घासतात तेव्हा बारीक सूर निघतोच. तो माणसाच्या कानापर्यंत पोचू नये यासाठी शहाण्या लोकांनी जन्म घालवले. त्यांचं हे काम डोणगावात बसून, पदरचे पैसे खर्चून उलटं करायचं भाऊने ठरवलं.

पूर्वीही असे वीर होतेच. बुलेटच्या सायलेन्सरची जाळी काढणारे, राजदूतचं स्प्रॉकेट बदलणारे. मेहकर–मालेगाव रस्त्यावर काळी-पिवळीवाले कमानीत एकेक पाटा वाढवायचे, पण ते वीस माणसं कोंबायला. याला एकही माणूस जास्त बसवायचा नव्हता. उलट पुढे बसणारेच कमी झाले.

तयार बुश परदेशातून मागवले तर किंमत अशी की वडिलांनी पावती पाहिली असती तर तिरडी पुन्हा बांधावी लागली असती. म्हणून काम गावच्या लेथवर आलं. तो टर्नर ट्रॉलीच्या पिना आणि रोटाव्हेटरचे बुश करणारा. त्याचं माप सुतात. भाऊ म्हणाला, "शतांश मिलिमीटरात पायजे." टर्नरने विडी विझवली, भाऊकडे पाहिलं, आणि म्हणाला, "डोळ्याले दिसन अशा मापात सांग ना बाप्पा." शेवटी भाऊने त्याला डिजिटल व्हर्निअर घेऊन दिला. आता तो टर्नर जो येईल त्याच्या वस्तूला व्हर्निअर लावतो. परवा एकाच्या कुऱ्हाडीच्या दांड्याला लावला.

जुनी रबरं निघता निघेनात. वॉशिंग सेंटरच्या रॅम्पवर गाडी चढवून चौकट खाली उतरवली, गॅसने रबर जाळलं. त्या धुराने अर्ध्या गावाला वाटलं, कुठं टायर पेटवून रास्ता रोको सुरू झाला. दोघंजण तर मागण्या काय आहेत ते विचारायला आले. रबराभोवतीची लोखंडी बांगडी हॅक्सॉने कापून काढली.

नवे बुश बसवायचे तर ते भोकापेक्षा किंचित मोठे हवेत, म्हणजे बसले की हलत नाहीत. बसवताना मात्र ते लहान व्हायला हवेत. म्हणून ते फ्रीझरमध्ये ठेवतात. साठ मिलिमीटरचा अॅल्युमिनियमचा बुश आपल्या मे महिन्यातून फ्रीझरमध्ये गेला की जेमतेम सात-आठ शतांश मिलिमीटर आकसतो, पण तेवढ्याने काम भागतं. हे ज्ञान घरात फक्त एकाला होतं. मायने सरबताला बर्फ काढायला फ्रीझर उघडला, तर आत आंबरसाच्या डब्याला लागून सात चकचकीत गोल.

"माहा सोऱ्या कोनं मोडला?"

"माय, दार लाव! आकसू दे त्याइले!"

"कोनाले आकसू देऊ? दोन दिवसांपासून बर्फ नाई घरात!"

मायला आंबरसाचा डबा बाहेर काढावा लागला. रस आंबला. बुश मात्र नीट बसले.

एक जाणता मेकॅनिक त्याला म्हणाला होता, रबर जो धक्का खात होतं तो आता थेट बॉडीच्या पत्र्यात जाईल. ही शंका पोकळ नव्हती. या गाडीच्या आधीच्या पिढीत, ई-फॉर्टीसिक्समध्ये, सबफ्रेम जिथं बसते तिथला पत्रा फाटल्याच्या तक्रारी जगभर झाल्या. भाऊने मान डोलावली, आणि तिथंही आधाराच्या जाड पट्ट्या वेल्डिंग करून घेतल्या. या माणसाला इशारा द्यायची सोय नाही. इशारा म्हणजे त्याला पुढचं काम वाटतं.

मग गाडी रस्त्यावर आली. साठच्या पुढे गेली की मागच्या सीटखालून एक सलग, बारीक, चढा सूर. ऐंशीला तो दातांत शिरतो. आबांनी पहिल्यांदा ऐकला तेव्हा काच खाली करून बाहेर पाहिलं. "गिरनी सुरू झाली वाटते. पन लाइट तं नाई गावात." समृद्धीवर नेली तर वेगळीच तऱ्हा. तो रस्ता काँक्रीटचा, दर काही फुटांवर आडवा सांधा. पूर्वी हे सांधे आहेत हे कुणाला ठाऊकही नव्हतं. आता प्रत्येक सांधा चाकातून चौकटीत, चौकटीतून पत्र्यात, पत्र्यातून माणसाच्या माकडहाडात येऊन हजेरी देतो. कारसाठी तिथं ताशी १२० ची मर्यादा. त्या वेगाने मेहकरहून सिंदखेडराजापर्यंत मी त्याच्या शेजारी बसून गेलो आहे, आणि उतरल्यावर माझ्या खिशातल्या चष्म्याचे दोन्ही स्क्रू खिशात वेगळे सापडले.

"गाडी बोलते आता," भाऊ म्हणाला. चेहऱ्यावर नुकत्याच बाप झालेल्या माणसाचं तेज. "आंधी मुकी होती."

"काय बोलते?"

"सारं सांगते. आता खडी आली, आता डांबर आलं, आता मुंगी गेली खालून."

अडचण एकच. हे सगळं वळणासाठी, आणि समृद्धीला वळण म्हणावं असं वळणच नाही. डोणगाव ते मालेगावही बहुतेक सरळ. वळण हवं तर भाऊ पहाटे उठून मेहकर, चिखली, बुलडाणा करत राजूर घाटात जातो, घाट उतरतो, चढतो, परत येतो. त्या घाटातल्या माकडांना आता तो आवाज ओळखीचा झाला आहे. एकदा पुढे उसाची ट्रॉली लागली आणि सगळा घाट तिच्या मागे, दहाच्या वेगाने. तरी घरी येऊन म्हणाला, "मागची बाजू जराशीबी हालली नाई." दहाच्या वेगाला बैलबंडीही हलत नाही, पण त्याच्या आनंदात मी विघ्न आणलं नाही.

सोयरीक पाहायलाही हीच गाडी. सुलतानपूरवरून लोणार. पुढे कमरेला पट्टा बांधलेले मामा, मागे आबा, माय, वडील. सुलतानपूरला मामांनी गाडी थांबवली, उतरले, आणि काही न बोलता येणाऱ्या एसटीला हात केला. बाकीचे लोणारला पोचले तेव्हा कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येत नव्हतं, सगळे ओरडून बोलत होते. मुलीकडच्यांना वाटलं, घराणं तापट आहे. मुलीच्या वडिलांनी सभ्यपणे विचारलं, "गाडी कोनती म्हनाची?" आबा गर्जले, "चक्की!"

मुलगी पोहे घेऊन आली. ट्रे स्टुलावर ठेवला. भाऊचा हात आपोआप स्टुलाकडे गेला. दोन बोटं, डावीकडे, उजवीकडे. मायने डोळे मिटून घेतले.

"प्ले हाये," भाऊ म्हणाला.

"स्टुलाले नाई," मुलगी म्हणाली. "फरशी बसली हाये त्या कोपऱ्यात. इकडं ठेवा."

भाऊने स्टूल उचलून हातभर सरकवलं. हलवलं. हललं नाही. परत येताना तो सुलतानपूरपर्यंत एक शब्द बोलला नाही आणि गाडी चाळीसच्या वर नेली नाही, त्यामुळे सूरही लागला नाही. लग्न जमलं.

आता वहिनी माहेरी एसटीने जातात. पोह्यांच्या दिवशी त्या गाडीत बसल्या नव्हत्या, एवढीच त्या व्यवहारातली फसवणूक. भाऊचं लक्ष सध्या इंजिन माउंटिंगवर आहे. तिथं अजून रबर आहे. परवा संध्याकाळी ओसरीत हीच चर्चा चालली होती. खर्चाचा आकडा ऐकून वडील उठून आत गेले. आबा मात्र शांतपणे सुपारी कातरत होते.

"मले एक सांग," आबा म्हणाले. "तुले कुठंच रबर नोको. इंजिन, गिअर, डिफरन्शियल, सारं एका जागी आवळलेलं पायजे. मागं स्प्रिंग नोको, बुश नोको. आवाज सारा आंगावर आला पायजे. असंच ना?"

"हाव आबा. असंच."

"मंग थो काय हाये?" आबांनी अडकित्ता गोठ्याकडे केला. तिथं ट्रॅक्टर उभा होता. इंजिनाला गिअरबॉक्स बोल्ट केलेला, गिअरबॉक्सला डिफरन्शियल, तीच त्याची चासी. मागच्या बाजूला नावालाही रबर नाही, टायर सोडले तर. "इतक्या वर्सांपासून घरी हाये. सारा सॉलिड. अनुदानात भेटला."

भाऊ उठला. ट्रॅक्टरपाशी गेला. मागच्या हाउसिंगवर हात ठेवून बराच वेळ उभा राहिला. मग पुढे गेला, वाकला, पुढचा अॅक्सल जिथं मधल्या पिनेवर झुलतो तिथं दोन्ही हातांनी धरला, आणि डावीकडे, उजवीकडे केला.

"आबा," तिथूनच त्याने हाक दिली, "सेंटर पिनले प्ले हाये!"