सहा शिंगांच्या राऊटरास खुले पत्र

प्रति,
राऊटरमहाराज, मुक्काम बोळिंज (विरार पश्चिम)



बोळिंजच्या टॉवरांत हल्ली नव्या घरात देव आधी बसतो की आपण, एवढाच प्रश्न उरला आहे. ३०० एमबीपीएसचं फायबर घ्यायचं, बेडरूममध्ये व्हिडिओ गोल गोल फिरू लागला की जुन्या डब्याला शिव्या द्यायच्या आणि चारऐवजी सहा शिंगांचा नवा आणायचा, अशी इथली रीत. शिंगं पाहून मान आदराने लवते. पण ती आपल्या पाठीमागे लवली की केबल खोचायच्या भोकापाशी बारीक अक्षरांत ‘१०/१००’ दिसतं. खोक्यावर मात्र ठळक १२००! २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याचे ३००, ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याचे ८६७, आणि वरचे ३३ बहुधा दिवाळीची भेट. मोबाइल साधारणपणे एका वेळी एकाच पट्ट्यावर बोलतो; त्यामुळे ही बेरीज म्हणजे विरार फास्ट आणि विरार स्लो यांचा वेग एकत्र धरून चर्चगेटला पोचण्याची वेळ काढणं. शिवाय त्या ‘१०/१००’च्या भोकातून आत येणार जेमतेम ९५ एमबीपीएस. बोळिंजकराला हे वेगळं समजवायला नको. म्हाडाच्या इथल्या वसाहतीत घरं तयार होती, नळ चकचकीत होते; पाण्याअभावी ती वर्षानुवर्षं विकली गेली नाहीत. नळाच्या तोटीकडे बघून कुणी पाण्याचा अंदाज बांधला नाही, मग आपल्याच बाबतीत हा भोळेपणा का?

आपण म्हणाल, जास्त शिंगांचा उपयोग होतो. होतो की, क्षीण सिग्नल पकडायला ती मदत करतात. पण संभाषण दोन्ही बाजूंनी चालतं. आपण हॉलमधून कितीही ओरडलात, तरी आतला मोबाइल कुजबुजत उत्तर देणार, आणि तेही सळयांच्या काँक्रीटमधून. ५ गिगाहर्ट्झच्या लहरी तिथे लवकर दमतात. २.४च्या टिकतात, पण त्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. एकाच मजल्यावरच्या घरांनी ते कसे वाटून घ्यावेत? ५ गिगाहर्ट्झमध्ये तरी २०१८ साली केंद्र सरकारने ६०५ मेगाहर्ट्झ परवान्याविना खुले केले. म्हणजे मोकळी जागा तिथे, पण भिंतींपुढे दम कमी. मग शहाणपण हे, की आपल्याला चपलांच्या कपाटातून काढून घराच्या मध्यावर उंच ठेवावं, आणि तरीही आत रेंज पोचेना तर केबल ओढून दुसरा छोटा डबा बसवावा. बिनतारी रिपीटर स्वस्त पडतो, हे खरं. पण एकाच रेडिओवर ऐकणं आणि पुढे सांगणं दोन्ही करताना त्याचा वेग निम्म्यावर येतो. आणि कंपनीने दिलेला डबा? त्याच्या पाठीवर गिगाबिट असेल, पट्टे दोन्ही असतील, तर आपली घरात गरजच नाही. हे आपल्याला तोंडावर सांगताना वाईट वाटतं.

आपला,
खोका उलटा करून वाचणारा

ता. क. वीज गेली की सहा शिंगं आणि दोन शिंगं सारखीच. येताना अडॅप्टरवरचे व्होल्ट बघून छोटा यूपीएस आणावा, आणि फायबरचा डबा वेगळा असेल तर त्यालाही त्यावर जागा द्यावी.