खुडूक कोंबडीची बाजू

मक्याचं संकरित बी घरचं धरायचं नसतं, हे पिशोर गावात कुणाला शिकवावं लागत नाही. कणसं कितीही भरली तरी पुढच्या मृगाला पिशवी दुकानातूनच येते. ब्रॉयलरचं पिल्लू पाहिलं की मात्र हीच माणसं म्हणतात, 'दोन राखून ठेवू, घरचीच पैदास होईल.' अहो, ब्रॉयलरही संकरितच! त्याचे आजे-पणजे वेगवेगळ्या वाणांचे आणि सगळे कंपनीच्या कुलुपात. पुढची पिढी त्याच्यावर जाईल याची हमी कोण देणार? शिवाय हा पक्षी सहा आठवड्यांत दोन किलोचा होतो तो कापण्यासाठी, संसारासाठी नव्हे. अंड्यावर येईपर्यंत पोटभर चारलं तर त्याचे पायच त्याला पेलत नाहीत. म्हणून कंपन्याही ब्रॉयलरच्या आईबापांना मोजूनमापून खायला देतात. पोरं खादाड निघावीत म्हणून आईबापांनी उपास काढायचे, असं हे खानदान.

तेव्हा रश्श्याची कोंबडी घरीच जन्माला घालायची तर गावरानला पर्याय नाही. दहा-बारा अंडी झाली की ती खुडूक होते. टोपल्यात भुसा घालून रवणीला बसवली की एकवीस दिवस ना वीजबिल, ना लोडशेडिंगची धास्ती. अंडी तीच उलटवते, दाण्यापाण्यापुरती उठते, आणि उगाच हात घातलात तर चोचीने पावती देते. वजनासाठी वनराजा या सुधारित वाणाचा कोंबडा आणायला हरकत नाही, पण वनराजाच्या माद्या सहसा खुडूक बसत नाहीत. अंडी अखेर गावरानच्याच पोटाखाली.

गावरान कोंबडा दीड किलोचा व्हायला पाच-सहा महिने लागतात, हे परवडतं का? खाद्याच्या गोणीवर मुळीच नाही. म्हणून गावरान कोंबडीला गोणी दाखवायचीच नाही. उकिरड्यावरचे किडे, वाळवी, खळ्यात सांडलेला मका हा तिचा खुराक, आणि तो आपल्या खात्यावर पडत नाही. (शेजाऱ्याच्या मेथीच्या वाफ्यावर पडतो, ते भांडण वेगळं.) खरा वजनदार आक्षेप मानमोडीचा. हा रोग बघता बघता खुराडं रिकामं करतो. पिल्लं आठवड्याची होताच लासोटा लशीचा थेंब डोळ्यात घालायचा. तेवढं ज्याच्याने होत नाही त्याने ब्रॉयलर विकत आणून खावा.

राहिला प्रश्न कोणती कापायची. रवणीत साधारण निम्मे कोंबडे निघतात आणि खुराड्याला एक पुरतो. बाकीचे पहाटे चारला बांगेची जुगलबंदी लावतात, त्या दिवशी पाट्यावर वाटण घ्यावं.