आमच्या प्रतिनिधीकडून

मार्च २०२२ मध्ये मुंबई, पुण्यासह राज्यातल्या बऱ्याच महापालिकांची मुदत संपली आणि मतदान झालं ते थेट १५ जानेवारी २०२६ ला. मधला सगळा काळ प्रशासकांचा. रिकामी जागा दिसली की खिडकीतून रुमाल टाकायचा, हे एसटीनं आपल्याला शिकवलंच आहे. प्रभागोप्रभागी असे रुमाल पडले, त्यात साप्ताहिकांच्या संपादकांचे बरेच होते.

आमच्याकडचं साप्ताहिक महिन्यातून दोनदा निघतं. आमदारांचा वाढदिवस असला की चारची आठ पानं होतात. संपादकसाहेबांनी एके दिवशी गटाराचं झाकण हाती घेतलं, म्हणजे नसलेलं झाकण. आधी बातमी, मग निवेदन, मग माहितीच्या अधिकारात अर्ज, शेवटी वॉर्ड ऑफिससमोर उपोषण, सकाळच्या नाश्त्यापासून संध्याकाळच्या चहापर्यंत. उपोषणाची बातमी त्यांनीच लिहिली आणि वर ‘आमच्या प्रतिनिधीकडून’ असं छापलं. व्हिजिटिंग कार्डावर ‘संपादक’च्या खाली ‘सामाजिक कार्यकर्ते’ आलं. झाकण काही आलं नाही. तिथे बांबूला लाल फडकं बांधलंय आणि खाली पाटी आहे, ‘सौजन्य’ आणि साहेबांचं नाव.

परंपरा थोर आहे, नाही कोण म्हणतो? केसरीकार टिळक १८९५ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात गेले, ‘मराठा’कार अत्रे १९५७ साली विधानसभेत. साहेब भाषणात ही दोन नावं घेतात आणि तिसरं श्रोत्यांनी घ्यावं म्हणून पाणी पितात.

ज्या पक्षावर अग्रलेख झाडले, त्याच्याच कार्यालयात एबी फॉर्मसाठी रात्रभर बसले. फॉर्म आदल्या दिवशी पक्षात आलेल्या बिल्डरला मिळाला. सकाळी साहेब अपक्ष, आणि अग्रलेख ‘लोकशाहीत पैशाचा खेळ’. हाच पैसा ‘पॅकेज’ म्हणून साप्ताहिकात यायचा, तेव्हा त्याला जाहिरात महसूल म्हणत. शपथपत्रात उत्पन्नाचं साधन लिहायचा रकाना आला, तेव्हा मात्र साहेबांचं पेन बराच वेळ अडलं. याच रकान्यावरून त्यांनी कितीतरी नगरसेवकांना घाम फोडला होता.

साहेब पडले. डिपॉझिटही गेलं. पुढच्या अंकाचा मथळा ‘नैतिक विजय’ असा होता. शेवटच्या पानावर निवडून आलेल्या बिल्डरच्या अभिनंदनाची पूर्ण पान रंगीत जाहिरात आहे. दर जुनाच, रोखीनं.