पुण्य कोणाच्या खात्यात?

डोंबिवलीचे आमचे एक स्नेही चाळीस वर्षं श्रावण पाळतात. पाळतात कसले, सोसतात. गटारीला रस्सा ओरपून झाला की पुढे महिनाभर शेजारच्या सुक्क्या मटणाचा वास नाकाने घ्यायचा आणि मनाने परत करायचा, ही त्यांची साधना. मटणाच्या दुकानावरून ते मुद्दाम जातात. म्हणतात, मोह समोर नसेल तर सोडलं काय?

तर २०२५ च्या ऑगस्टात कल्याण-डोंबिवली महापालिकेने फर्मान काढलं. १४ तारखेच्या मध्यरात्रीपासून चोवीस तास कत्तलखाने आणि शेळ्या, मेंढ्या, कोंबड्या, मोठी जनावरं विकणारी दुकानं बंद. कारण काय? स्वातंत्र्यदिन!

स्नेही खवळले. "माझा त्याग पळवला! दुकानच बंद, मग मी सोडलं काय? कपाळ? आता ते पुण्य आयुक्तांच्या खात्यात की माझ्या? मालमत्ता करातून तरी वजा करा म्हणावं."

प्रशासनाने खुलासा केला, की बंदी विकण्यावर आहे, खाण्यावर नाही. म्हणजे पंगत मांडलेली, फक्त वाढप्यांना सुट्टी. शिवाय यामागचा ठराव १९८८ चा, नवं काहीच नाही. मुख्यमंत्रीही म्हणाले, कोण काय खातो यात सरकारला रस नाही. रस नाहीच, रस्सा बंद होता. या महापालिकेत तेव्हा २०२० पासून प्रशासकच बसलेला होता. निवडून आलेला एकही नगरसेवक नव्हता. मत द्यायला मिळेना, मटण मिळेना, बाकी स्वातंत्र्य भरपूर.

मुंबई उच्च न्यायालयाने मे २०१६ मध्ये गोवंश हत्याबंदी कायम ठेवली, पण राज्याबाहेर कापलेल्या जनावराचं मांस जवळ बाळगणं गुन्हा ठरवणारं कलम रद्द केलं. आपल्या घरात आपल्या आवडीचं खाणं हा खासगीपणाचा भाग मानला. न्यायालयाने पातेलं राखलं. महापालिकेने पिशवी धरली.

विरोधकांनी अर्थातच मटणाच्या पार्ट्या जाहीर केल्या. आपल्याकडे व्यक्तिस्वातंत्र्य हे असं हंगामी पीक आहे. २०१५ मध्ये पर्युषणातल्या मांसविक्रीबंदीविरुद्ध शिवसेना आणि मनसे रस्त्यावर उतरल्या. काय खावं हे ज्याचं त्याने ठरवावं म्हणे. बरोबरच आहे. मात्र व्हॅलेंटाइन डेची कार्डं जळत होती तेव्हा कोणावर प्रेम करावं हे शिवसैनिक ठरवत होते. पोट स्वतंत्र, काळीज शाखेच्या ताब्यात. (मटणवाल्याकडेही काळीज वेगळं काढूनच ठेवतात.)

या सगळ्यात खाटकाला कोणी विचारलं नाही. सुट्टीच्या दिवसाचा गल्ला गेला, त्याची भरपाई ठरावात नसते. त्याच्या घरीही देव्हारा असतो, श्रावण असतो. भावना दुखावण्यासाठी लागणारी सवड तेवढी नसते.

श्रावण संपल्यावरच्या रविवारी स्नेही पिशवी घेऊन रांगेत उभे दिसले. नंबर आला तेव्हा खाटकाने सुरा परजत विचारलं, "काका, किती देऊ?"

"थांब जरा," म्हणत त्यांनी चष्मा चढवला आणि खिशातून मोबाइल काढला. मला वाटलं, तिथी बघताहेत.

ते महापालिकेचं परिपत्रक शोधत होते.