पांडवांस खुले पत्र : रॅम्पच्या वेळीच कोंबडा कसा आरवला?

प्रति,
मा. धर्मराज आणि बंधू,
लेणी, देवळे व रातोरात बांधकामे विभाग,
मुक्काम स्वर्ग.

विषय : राहिलेले काम पूर्ण करून मिळणेबाबत.

महोदय,

साष्टांगापैकी जेवढी अंगं माझं ऐकतात, तेवढ्यांनिशी नमस्कार.

महाराष्ट्रात कुठल्याही लेण्याखालच्या टपरीवर विचारा, हे कुणी कोरलं? उत्तर ठरलेलं : पांडवांनी, एका रात्रीत. नाशिकला तर लेण्यांचं नावच पांडवलेणी. तिथल्या भिंतींवर सातवाहनांचे आणि क्षत्रपांचे लेख आहेत, गौतमी बलश्रीचं नाव आहे. पण टपरीवाला ते मानत नाही आणि आजच्यापुरतं मीही मानत नाही, कारण सातवाहनांचा पत्ता माझ्याकडे नाही. अंबरनाथचं देऊळ तुमचं, घारापुरीही तुमचीच. काम अर्धवट राहिलं असेल तर कारणही ठरलेलं : कोंबडा आरवला. माझी शंका एवढीच, की हा कोंबडा जागोजागी नेमका रॅम्प करायच्या वेळीच कसा आरवला?

मी मानखुर्दचा. व्हीलचेअर वापरतो. घारापुरी म्हणजे आमचा शेजार. ट्रॉम्बेच्या टेकडीपलीकडे खाडीत ते बेट. पण जायचं तर हार्बर लाइनने सीएसएमटी, टॅक्सीने गेटवे आणि तिथून तासभर लाँच, जी मला पुन्हा ट्रॉम्बेच्याच अंगाला आणून सोडते. गेटवेला लाँचा एकीला एक लावून उभ्या असतात. आपल्या लाँचेत शिरायला आधी दुसरीच्या फळीवरून जायचं. पाणी खालीवर, मधली फट लहानमोठी. दोघे खलाशी मला खुर्चीसकट उचलतात आणि तिसरा ओरडतो, ‘साहेब, घट्ट धरा!’ काय धरायचं, ते सांगत नाही.

बेटावर लांबलचक जेट्टी, तिच्यावर छोटी गाडी, आणि गाडी संपते तिथून शे-सव्वाशे पायऱ्या. दोन्ही बाजूंना दुकानं, वर ताडपत्री, मध्ये कणसं हिसकावणारी माकडं. सोय नाही असं मात्र म्हणता येणार नाही. डोली आहे. भीमराव, हे खातं तुमचं. लाक्षागृहातून निघालात तेव्हा आईला आणि भावांना उचलून नेलंत, म्हणजे पहिले डोलीवाले तुम्हीच. पण कुंतीमातेचं वजन तुम्ही विचारल्याचं व्यासांनी कुठे लिहिलेलं नाही. इथे डोलीवाले माझ्या भावाला विचारतात, ‘यांचं वजन किती?’ वजन माझं, पैसे माझे, मी समोर बसलेला. प्रश्न तेवढा भावाला. त्यांचंही काय चुकलं म्हणा, खांदे त्यांचे आहेत.

मग बांबूंना बांधलेल्या खुर्चीत बसून मी वर जातो आणि माझी स्वतःची खुर्ची कणीसवाल्या मावशींकडे खाली राहते. वर पोचल्यावर खरी गंमत कळते. मुख्य लेण्याचं दालन जवळजवळ ३९ मीटर खोल आणि जमीन बरीचशी सपाट! जिथे चाकं फिरली असती, तिथे मी चाकांविना. गाभाऱ्याला पायऱ्या आहेत, तिथे द्वारपाल आहेत, ते सोडा. पण त्या सुमारे वीस फुटी सदाशिवापुढे उभा माणूसही बसल्याएवढाच दिसतो. त्या एका जागी मी आणि बाकीचे पर्यटक बरोबरीत. जवळच कैलास हलवणारा रावण आहे. त्याला म्हटलं, बाबा रे, हलवतोच आहेस तर जेट्टीपर्यंत आणून ठेव.

म्हणजे तुमचं कोरीवकाम दोषी नाही, हे मी लिहून देतो. बोरिवलीचं मंडपेश्वर तर जमिनीलगतच आहे. कान्हेरीच्या पायऱ्या डोंगरात खोदलेल्या. तिथे शंभरावर लेणी, सगळ्यांत मला नेऊन फिरवा असं मी म्हणत नाही. पण तिकिटाची खिडकी तुम्ही कोरलेली नाही. संडास सातवाहनकालीन नाही. एका लेण्याशी मी गेलो, तर स्वच्छतागृहाला चार अंगुळांचा उंबरा. धर्मराज, चार अंगुळांची किंमत तुम्हाला सांगायला नको. ‘नरो वा कुंजरो वा’ म्हणालात आणि जमिनीच्या चार अंगुळं वरून चालणारा तुमचा रथ खाली टेकला. माझा खालीच असतो. अडचण ती चार अंगुळं वर चढवण्याची आहे. उतार का नाही, असं विचारलं तर उत्तर मिळालं, ‘संरक्षित स्मारक आहे, काही बदलता येत नाही.’ उत्तर देणारे गृहस्थ नव्याकोऱ्या पेव्हर ब्लॉकवर उभे होते. त्याच ब्लॉकांच्या फटीत माझं पुढचं चाक रुतलं. कर्णाचं रुतलं तेव्हा अर्जुनाने बाण काढला. इथे लोकांनी मोबाइल काढले.

बदल करता येतो. जानेवारी २००१ मध्ये स्टीफन हॉकिंग भारतात आले, मुंबईतही आले. ते दिल्लीत कुतुबमिनार बघणार म्हटल्यावर तिथे लाकडी उतार बसले. दगडाला ओरखडा नाही, मिनार अजून उभा. आता प्रत्येकाने आधी कृष्णविवरांवर काम करायचं आणि मग लेणी बघायची, असा नियम असेल तर तसं कळवावं. अथेन्सच्या अक्रोपोलिसवर २०२० च्या डिसेंबरात नवी लिफ्ट सुरू झाली. तो डोंगरही जुनाच आहे.

कायदाही आहे, दिव्यांगांच्या हक्कांचा, २०१६ चा. नियम लागू झाल्यापासून पाच वर्षांत सार्वजनिक इमारती सुगम करायच्या होत्या. ती मुदत २०२२ मध्ये संपली. २०२४ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने सुगमतेचे निकष सक्तीचे करा, असं सरकारला बजावलं. तुमच्या वेळी वनवासाची मुदत तरी पाळली जायची.

महाराज, तुमचा शेवटचा चढ आठवा. द्रौपदी पडली, सहदेव, नकुल, अर्जुन, भीम, सगळे वाटेत पडले. वर तुम्ही आणि एक कुत्रा. इंद्र रथ घेऊन आला, म्हणजे दारापर्यंत वाहन द्यायची पद्धत स्वर्गातही आहे. तरी तुम्ही अडून बसलात : कुत्र्याला सोडून येणार नाही. माझी मागणी शब्दशः तीच आहे, कुत्र्याच्या जागी फक्त खुर्ची वाचावी. खुर्ची खाली ठेवून मी येणार नाही.

तेव्हा एक रात्र पुन्हा काढा. जेट्टीवर लाँचेच्या उंचीला येणारा धक्का, वरपर्यंत जाणारी चाकांची वाट, उंबरा नसलेला संडास. कोंबड्याची व्यवस्था मी करतो.

आपला,
मानखुर्दचा एक चाकवाला

ता. क. : सोमवारी घारापुरी बंद असते. पाहणीला मंगळवारी यावे आणि जेट्टीवरच भेटावे, वर मला येता येत नाही.