नाव होईल!

(स्थळ : झाशी, सीपरी बाजार. वह्या-रजिस्टरांचं जुनं दुकान. दुकानदार पिढ्यान्‌पिढ्या झाशीतले मराठी. प्रेमानं बोलतात ते मराठीत, भांडतात ते हिंदीत. बाकावर रेल्वेतले निवृत्त गार्ड. ते रोज येतात. पेपर दुकानाचा, चहाही दुकानाचाच. पुण्यात शिकून परत आलेली डिझायनर आत येते.)

दुकानदार : बरी आलीस गं. तुझ्यासाठीच हा कागद ठेवलाय. वाच.

डिझायनर : 'भव्य डिझाईन प्रतियोगिता. आमच्या नव्या वहीसाठी चिन्ह आणि कव्हर तयार करा. प्रथम पुरस्कार 1100 रुपये, ट्रॉफी आणि दोन डझन वह्या.' द्वितीय पुरस्कार नाही का, काका?

दुकानदार : मुद्दाम नाही ठेवला. दुसरा ठेवला की माणूस दुसऱ्यावर समाधान मानतो. प्रगती खुंटते.

डिझायनर : आणि खाली हे सात नंबरला, मुंगीच्या अक्षरात? 'आलेले सर्व नमुने दुकानाच्या मालकीचे होतील.'

दुकानदार : अक्षर बारीक नाहीये, जागा कमी पडली. अगं, अकरा नमुने आलेसुद्धा! हे बघ.

डिझायनर : (गठ्ठा चाळत) राणी. राणी. ही पण राणी. या घोड्याला पाच पाय आहेत.

दुकानदार : पाचवी तलवार आहे.

डिझायनर : हिचा चेहरा 'मणिकर्णिका'तल्या नटीचा. सरळ पोस्टर उचललंय. आणि ही राणी नाहीच, काका. हे महाराणा प्रताप आहेत. मिश्या पुसल्यात.

दुकानदार : पण नीट पुसल्यात.

डिझायनर : यात पोरांचा दोष नाही. अकराशे रुपये, अकरा जण. डोक्याला शंभर रुपये पडतात. शंभर रुपयांत मिश्याच पुसून मिळतात.

दुकानदार : पण स्पर्धा तर सरकारही घेतं! आपल्या रुपयाचं चिन्ह कसं आलं?

डिझायनर : स्पर्धेतूनच. 2009 मध्ये अर्थ मंत्रालयानं घेतली. बक्षीस अडीच लाख, नमुने आले 3,331. करा भागाकार.

गार्ड : (पेपरावरून डोकं न काढता) पंचाहत्तर रुपये.

दुकानदार : पंचाहत्तर? म्हणजे भारत सरकारपेक्षा मी पंचवीस रुपये जास्त देतोय!

डिझायनर : शिवाय भाग घ्यायला पाचशेचा डिमांड ड्राफ्ट आधी जोडायचा होता.

दुकानदार : (टिपून घेत) प्रवेश फी... हे मला सुचलंच नव्हतं.

डिझायनर : काका, तुम्हाला सावध करायला सांगतेय मी! टोकियोचं ऐका. ऑलिंपिकचं पहिलं बोधचिन्ह नकलेच्या आरोपावरून 2015 मध्ये मागे घ्यावं लागलं. ते तर नावाजलेल्या डिझायनरचं होतं. मग त्यांनी स्पर्धा सगळ्यांना खुली केली. 14,599 नमुने आले, बक्षीस दहा लाख येन. अमेरिकेतल्या डिझायनरांच्या संघटनेनं तेव्हा पत्र लिहून निषेध केला, की हजारो लोकांकडून फुकट काम करून घेऊ नका.

गार्ड : अडुसष्ट येन. आपले चाळीसही नाहीत.

दुकानदार : म्हणजे जपानच्याही वर आहे मी!

(इथे डिझायनर पाणी पिते. आकडेवारीनं माणसाला पटवता येतं असं पुण्यात शिकवतात. सीपरी बाजारात आकडा दिसला की माणूस नफा शोधतो.)

दुकानदार : आणि पैशाचंच काय घेऊन बसलीस? जो जिंकेल त्याचं नाव छापणार आहे मी. मागच्या कव्हरवर, पाढ्यांच्या खाली. नाव होईल!

गार्ड : नाव आम्हालाही मिळालं. जानेवारी 2022 मध्ये रेल्वेनं गार्डला 'ट्रेन मॅनेजर' केलं. माझा मुलगा आता मॅनेजर आहे. डबा शेवटचाच, झेंडी तीच, पगारही तोच.

दुकानदार : गार्डसाहेब, तुम्ही पेपर वाचा. हे बघ, टेकडीवर ध्यानचंदांचा पुतळा उभा आहे. ते काय पैशासाठी खेळले?

डिझायनर : ते पगारी शिपाई होते, काका. 1922 ला पलटणीत भरती झाले, 1956 ला मेजर होऊन निवृत्त झाले. हॉकी खेळत होते तेव्हाही महिन्याच्या महिन्याला पगार येत होता.

गार्ड : आणि नंतर पेन्शन.

दुकानदार : बरं, मग कोल्हापूरचे ते खासबारदार? स्वच्छ भारतचा गांधीजींचा चष्मा त्यांचाच ना? 2014 मध्ये स्पर्धेतूनच निवडला. आपल्या मराठी माणसानं देशाला दिला!

डिझायनर : दिला, आणि काय सुंदर दिला! दोन भिंगं, मधली दांडी, संपले गांधीजी. पण त्यांचा जाहिरातीचा धंदा आधीपासून चालू होता, आणि देशाच्या कामाला हात लावायचा की नाही हे त्यांचं त्यांनी ठरवलं. मीसुद्धा लावीन. तुमची वही देशकार्यात कशी बसते?

दुकानदार : विद्यादान आहे हे!

गार्ड : छापील किमतीला.

दुकानदार : (आवाज चढवून) मग मी काय करतो? रेल्वेच्या डीआरएम ऑफिसला रजिस्टरं लागली की टेंडर भरतो. एल-वन, म्हणजे सगळ्यात कमी भावाचा, आलो तर आलो, नाहीतर मेहनत पाण्यात. मी रडतो का?

डिझायनर : टेंडरात भरता काय?

दुकानदार : भाव.

डिझायनर : आणि रजिस्टरं?

दुकानदार : ती ऑर्डर निघाल्यावर. आधी फार तर एक नमुना मागतात.

डिझायनर : नमुना मीही दाखवते. आधी केलेली कामं आहेत ना. पण उद्या ऑफिसनं कळवलं, की टेंडर भरणाऱ्या पाचही दुकानदारांनी दोन-दोन हजार रजिस्टरं रेघा मारून, शिवून, आमच्या गोदामात आणून ठेवा. आवडतील त्याचे पैसे देऊ. बाकीच्यांचे पैसे नाहीत, मालही परत नाही. मग?

दुकानदार : (हिंदीत) अरे, ऐसे कैसे! अंधेर है क्या? कोर्ट में खींचूंगा!

गार्ड : खेचता येणार नाही. सात नंबरला लिहिलं होतं.

(दुकानदार प्रथमच गप्प बसतात. चहावाल्या पोराला तीन बोटं दाखवतात. हे शुभचिन्ह, एरवी दोनच दाखवतात.)

डिझायनर : आणि तुमचं सात नंबरही टिकत नाही. 1957 चा कॉपीराइट कायदा, कलम 19. हक्क विकत घ्यायचा तर लेखी हवा, देणाऱ्याची सही हवी, मोबदला किती तेही लिहायला हवं. यातली बरीच पोरं नववी-दहावीतली. अठराच्या आतल्याची सही करारात चालत नाही.

दुकानदार : म्हणजे हे अकराही माझे नाहीत?

गार्ड : महाराणा प्रताप तर नक्कीच नाहीत.

दुकानदार : मग तू काय वेगळं करणार होतीस? शेवटी काढणार राणीच!

डिझायनर : मी आधी काढतच नाही, विचारते. स्पर्धेत नेमकं तेच करता येत नाही. ही वही घेतं कोण?

दुकानदार : पोरं.

डिझायनर : पैसे कोण देतं?

दुकानदार : आई. आई बेरकी असते. पानं मोजते, मग कोपऱ्यात पेन घासून शाई फुटते का बघते.

डिझायनर : आणि दुकानात वही ठेवता कशी?

दुकानदार : दिसत नाही का? थप्पीत. कणा बाहेर.

डिझायनर : म्हणजे कव्हर कुणाला दिसतच नाही! राणी आत झोपलेली. काका, चिन्ह राहू द्या, आधी कण्याची पट्टी बघा. शंभर पानी निळी, दोनशे पानी लाल, तीनशे पानी हिरवी. आई रस्त्यावरूनच म्हणेल, ती लाल द्या. तुम्हालाही शिडीवर चढून पानांचा आकडा वाचायला नको, आणि जून महिन्यात शाळा उघडताना...

दुकानदार : (फोनवर) हां भैया, बाइंडिंग रोक दो. पट्टी लगेगी. दो सौ वाली में लाल, सौ वाली में नीली...

डिझायनर : (कपाळाला हात लावत) काका!

गार्ड : अर्धा तास झाला, पोरी. फुकट. आणि नुसत्या कल्पनेला तुझा तो 1957 चा कायदा विचारत नाही. कागदावर उतरवलेलं असतं तर गोष्ट वेगळी.

दुकानदार : (फोन हातानं झाकून) तो विचारतोय, लाल कुठला? टोमॅटो की मेहरून?

डिझायनर : ते आता बिलात.

दुकानदार : अगं, एक रंग सांगायचा...

डिझायनर : रंग, पट्टीची रुंदी, अक्षर, चिन्ह, तिन्ही कव्हरं. बारा हजार. दोनदा दुरुस्ती धरून. अर्धे आगाऊ, आणि हक्क तुमच्या नावावर लिहून देईन, पूर्ण पैसे हातात आल्यावर.

दुकानदार : आगाऊ? टेंडरात काम घेणारा अनामत भरतो, काम देणारा नाही! तूच भर माझ्याकडे पाच टक्के.

डिझायनर : माझी उद्यमची नोंदणी आहे. सूक्ष्म उद्योगाला अनामत माफ.

(ही सवलत दाखवून स्वतः दुकानदारांनी किती टेंडरं भरलीत ते गार्डसाहेबांना ठाऊक आहे. पेपर किंचित खाली येतो.)

दुकानदार : ती सरकारी खरेदीत!

डिझायनर : आणि अनामत कशात असते? बाकीचे सहा हजार काम स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त 45 दिवसांत. उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट व्याज, दरमहा चक्रवाढ. सूक्ष्म उद्योगांसाठीचाच 2006 चा कायदा.

दुकानदार : (खिशात हात घालत, मग काढत, मग पुन्हा घालत) हे सगळं तुला शिकवलं कुणी?

गार्ड : मी. परवा घरी आली होती.

दुकानदार : माझ्या बाकावर बसून, माझा चहा पिऊन, माझ्याच विरुद्ध फुकट सल्ला देता?

गार्ड : फुकट कोण म्हणतं? शंभर रुपये आणि दोन समोसे. आगाऊ घेतले.