पेटीकाका

फंडाचे पैसे हातात आले की काही जण चारधामला जातात, काही मुलाच्या फ्लॅटला हातभार लावतात. उरलेले पेटी घेतात.

पेटीकाका बँकेत शाखाधिकारी होते. त्यांच्या सहीशिवाय कागद हलत नसे; आता त्यांचा डावा हातच हलत नाही. पेटीची खोडच तशी. उजव्या हाताने स्वर, डाव्याने भाता. काकांचं सगळं लक्ष अंगठा कुठल्या बोटाखालून काढायचा याकडे लागतं, भाता थांबतो आणि गंधार अर्ध्यावर प्राण सोडतो. "भाता, काका, भाता!" क्लासमधली ताई ओरडते. ती त्यांच्या मुलीहून लहान. पण "होय मॅडम" म्हणताना काका किंचित उठतातसुद्धा.

घरी पहाटे सारेग, रेगम, गमप. रेडिओवर 1940 साली पेटीला बंदी आली आणि ती 1971 मध्ये शिथिल झाली, हे बिल्डिंगमध्ये सगळ्यांना काकांमुळेच ठाऊक. शिथिल करायची काय गरज होती, असं लोक जिन्यात विचारतात.

मग भूप आला. त्यात मध्यम आणि निषाद नाहीतच, म्हणजे चुकायच्या जागा दोन कमी. काका तरी निषाद लावतात. स्वयंपाकघरातून आवाज येतो, "अहो, नी लागला." काकू माहेरी मध्यमा परीक्षेपर्यंत शिकल्या होत्या, हे काकांना या निषादामुळे कळलं. इतक्या वर्षांत विचारलं कोणी होतं?

पण माणूस चिवट. मुलं पेटी सोडतात ती बोटं वळत नाहीत म्हणून नव्हे, कंटाळा येतो म्हणून. आणि कंटाळ्याचा काकांना दांडगा अनुभव. दहा पैशांचा फरक सापडेपर्यंत रात्री लेजर चाळलेला माणूस पलट्यांना काय भिणार? चुकलं की पहिल्यापासून. गांधर्व मंडळाच्या प्रारंभिक परीक्षेच्या वेळी बाकावरच्या एका आईने विचारलं, "नातीला आणलंत का?" काकांनी स्वतःचं हॉलतिकीट दाखवलं.

गणपतीत सोसायटीने त्यांना आरतीला बसवलं. बायका काळी चारमध्ये, पुरुष काळी एकमध्ये, सेक्रेटरी कुठल्याच पट्टीत नाहीत. काका पट्टी शोधेपर्यंत मंडळी 'घालीन लोटांगण'वर पोचली होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रसादाचं ताट पेटीमागे ठेवलं आणि आधी सगळ्यांना सा लावायला सांगितला. सेक्रेटरींचा अजून लागलेला नाही. मोदक गार झालेत.